वसंतातील डोह : चामोर्शीजवळील वैनगंगेच्या मासेमारीचा विचार

नदीतील मासेमारी आणि वसंत ऋतू यांचा संबंध सर्व देशांत सारखा नाही. उत्तर अमेरिकेच्या थंड व समशीतोष्ण प्रदेशांतील नद्यांत ‘स्मॉलमाउथ बास’ नावाचा एक शिकारी मासा आढळतो. मायक्रॉप्टेरस डोलोमियू हे त्याचे शास्त्रीय नाव लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये दिले. हिवाळ्यात हा मासा नदीच्या खोल व संथ भागांत जवळजवळ निश्चल पडून असतो. वसंताच्या आरंभी पाण्याचे तपमान दहा अंश सेंटिग्रेडच्या आसपास पोहोचले, की तो हळूहळू हालचाल करू लागतो, भक्ष्य शोधू लागतो आणि उथळ, गोटेयुक्त काठांकडे सरकतो. पंधरा ते अठरा अंशांच्या सुमारास नर तळावर खळगा करून घरटे तयार करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांची व पिलांची राखण करतो. तेथील गळकऱ्याचे वसंतातील सारे कौशल्य या तपमानाच्या चढत्या आलेखावर आधारलेले असते.

वैनगंगेच्या काठी वसंत येतो तो निराळ्या रूपाने. या नदीचे पाणी पौषातही दहा अंशांपर्यंत उतरत नाही. त्यामुळे थंडीने निश्चल झालेला मासा जागा होण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. येथे वसंताचे मुख्य लक्षण म्हणजे ओसरणारे पाणी. वर्षाच्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कार्तिकापासून प्रवाह क्षीण होत जातो आणि माघ-फाल्गुनात विस्तीर्ण पात्राचा बराचसा भाग रेतीने व्यापलेला दिसतो. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, जेथे नदी वळण घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते, महाशिवरात्रीची यात्रा भरते ती याच सुमारास. पुराच्या काळी भयावह वाटणारे पात्र त्या वेळी एका बाजूच्या धारेपुरते आणि मधूनमधून राहिलेल्या डोहांपुरते उरलेले असते. अमेरिकन नदीत वसंत हा माशाच्या सुटकेचा काळ असेल, तर वैनगंगेत तो त्याच्या कोंडीचा काळ आहे. या एका भेदातून मासेमारीची पद्धत, पकडीचे प्रमाण आणि मत्स्यसंपत्तीच्या रक्षणाचा विचार यांत मोठे अंतर पडते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम स्थळाचा परिचय आवश्यक आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाट, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतून दक्षिणेस येते आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा बनते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हे दोन्ही तीर चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असत. चामोर्शी डाव्या तीराच्या बाजूस आहे. तेथून आणखी दक्षिणेस चपराळ्याच्या परिसरात वैनगंगा व वर्धा यांचा संगम होतो, संयुक्त प्रवाहाला प्राणहिता हे नाव मिळते आणि तो सिरोंचाजवळ गोदावरीस मिळतो. अर्थात चामोर्शीचा मासा हा गोदावरी खोऱ्याचा मासा आहे, आणि पुराच्या दिवसांत त्याचे क्षेत्र तालुक्याच्या सीमांनी मर्यादित नसते.

या काठावर ढिवर, केवट, कहार, भोई अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजांचा मासेमारी हा परंपरागत व्यवसाय आहे. डोंगा, फेकजाळे, रात्री लावून सकाळी उचलायचे उभे जाळे, गळ आणि बांबूच्या कामट्यांचे सापळे ही त्यांची साधने. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या रेतीत डांगरवाडी लावणे हाही याच जीवनक्रमाचा भाग होय. नदी ओसरली, की एका हाती वाडी आणि दुसऱ्या हाती डोहातील मासेमारी, अशी ही दुहेरी उपजीविका आहे. शेतीची कामे संपलेली आणि मजुरी दुर्मिळ झालेली असते त्या महिन्यांत डोहातील मासा घरात रोख पैसा आणतो. वसंतातील मासेमारीवर मर्यादा घालण्याची भाषा करणाऱ्याने ही वस्तुस्थिती आधी ध्यानात घेतली पाहिजे.

आता डोहाचे शास्त्र पाहू. पाणी तापत जाते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीच्या दाबाला दहा अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, वीस अंशांवर सुमारे ९ मिलिग्रॅम आणि तीस अंशांवर सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकतो. याच्या उलट, माशाच्या शरीरातील चयापचय तपमानाबरोबर वाढतो. स्थूलमानाने दहा अंशांच्या वाढीस तो दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. त्यातच डोहातील शेवाळ व सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायू निर्माण करतात, परंतु रात्री त्याही तो वापरतात. परिणामी पहाटेच्या सुमारास डोहातील प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाजवळ येऊन तोंडाने पाणी ओढताना दिसतात. पहाटेच्या फेकीला मासा अधिक लागतो, या अनुभवामागे हेही एक कारण आहे.

सर्वच मासे या संकटाला सारखेच सामोरे जात नाहीत. मरळ, मागूर व शिंगी या माशांना कल्ल्यांच्या जोडीला हवेतील प्राणवायू घेण्याची इंद्रिये असतात. म्हणून गढूळ व कोमट डबक्यातही ते तग धरतात. रोहू, कटला, शिंगाळा, शिवडा यांना ही सोय नाही. त्यांना खोल, तुलनेने थंड आणि शक्यतो वाहत्या धारेशी जोडलेला डोह लागतो. डोहाचा थंडपणा केवळ खोलीमुळे येत नाही. काठाच्या व तळाच्या रेतीत साठलेले पाणी उन्हाळाभर झिरपत राहते आणि ते पृष्ठभागावरील पाण्यापेक्षा थंड असते. रेती ही या अर्थाने नदीची कोठी होय. रेतीघाटांवरील अतिरिक्त उपशाने पात्र खोल गेले तरी ही कोठी रिकामी होते. उपशाने निर्माण झालेला खड्डा आणि नैसर्गिक डोह दिसायला सारखे असले, तरी माशाच्या दृष्टीने ते एकच नव्हेत.

या कोंडीच्या काळातच माशांच्या शरीरात पुढील पिढीची तयारी चालू असते. भारतीय मोठ्या कार्प माशांचे प्रजननचक्र मत्स्यशास्त्रज्ञांनी चार अवस्थांत विभागले आहे. साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल ही तयारीची, मे व जून ही प्रजननपूर्व, जुलै व ऑगस्ट ही प्रत्यक्ष प्रजननाची आणि त्यानंतरची विश्रांतीची अवस्था होय. रोहूच्या पक्व मादीत शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दोन लाखांहून अधिक अंडी असू शकतात. फाल्गुनात डोहातून निघालेली तीन किलोंची मादी बाजारात तीन किलो म्हणूनच विकली जाते. परंतु नदीच्या हिशेबात ती आषाढातील सहा लाख संभाव्य अंडी असतात. ही अंडी फळण्यासाठी पूर यावा लागतो, काठाची उथळ जमीन पाण्याखाली जावी लागते आणि तोवर मादी डोहात जिवंत राहावी लागते. तिसरी अट पहिल्या दोन अटींइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्यावरच मनुष्याचा सर्वांत अधिक ताबा चालतो.

कार्प माशांचा हा क्रम सर्वांना लागू पडत नाही. आरंभी उल्लेखिलेल्या अमेरिकन बासशी वैनगंगेतील ज्या माशाचे वर्तन सर्वांत जवळचे आहे, तो शिंगाळा होय. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना या जातीला जे नाव दिले, त्यात ‘सिंघाला’ हा देशी शब्दच शास्त्रीय नावाचा भाग झाला. आज ही जात स्पेराटा सिंघाला म्हणून ओळखली जाते. लांब मिशांचा, चपट्या डोक्याचा हा शिकारी मासा बासप्रमाणेच तळावर खळगे करून घरटे करतो आणि आपल्या पिलांची राखण करतो. त्याचे प्रजनन मुख्य पुराची वाट पाहत नाही. ते उन्हाळ्यातच, पावसापूर्वीच्या महिन्यांत सुरू होते. मरळीच्या बाबतीतही नर-मादी पिलांच्या थव्याभोवती पहारा देतात.

पालकांनी राखण करणाऱ्या जातींत मासेमारीचा परिणाम वेगळ्या प्रकारे होतो. राखण करणारा मासा घरट्यापासून दूर जात नाही आणि जवळ येणाऱ्या वस्तूवर धावून जातो. म्हणून गळाला तो सहज लागतो. तो उचलला गेला, की अल्पावधीत इतर मासे अंडी वा पिले खाऊन टाकतात. बासच्या बाबतीत कॅनडात झालेल्या अभ्यासांनी हे स्पष्टपणे दाखविले आहे; ओंटारियो प्रांताच्या बऱ्याच भागात बासची मासेमारी वसंतात बंद ठेवून जूनच्या उत्तरार्धात खुली करण्याचे तेच एक प्रमुख कारण आहे. कार्पची मादी गेली तर तिची अंडी जातात. राखणदार शिंगाळा गेला, तर एक मासा हाती येतो आणि घातली गेलेली संपूर्ण वीण नष्ट होते.

येथे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा एक मुद्दा आहे. मत्स्यसंपत्तीचा अंदाज घेताना ‘प्रति-प्रयत्न पकड’ हे माप सर्रास वापरले जाते. एका फेकीला किती मासे, एका जाळ्याला एका रात्रीत किती किलो, असे त्याचे स्वरूप असते. पकड वाढली म्हणजे मासा वाढला, असा त्यामागील तर्क. परंतु पाणी ओसरून जलक्षेत्र पूर्वीच्या एकदशांश झाले, तर तेवढ्याच माशांची दाटी दहापट होते आणि प्रत्येक फेकीची पकड वाढते. मासा मात्र एकानेही वाढलेला नसतो. एवढेच नव्हे, तर एकूण मासा वर्षानुवर्षे घटत असतानाही उरलेले मासे त्याच मोजक्या डोहांत येऊन दाटी करीत असल्याने फाल्गुनातील पकड पुष्कळ वर्षे पूर्वीसारखीच दिसू शकते. ती घसरू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तात्पर्य, वसंतातील मुबलक पकड ही नदीच्या कोंडीची खूण आहे. तिला विपुलतेचे प्रमाणपत्र मानणे धोक्याचे आहे.

तथापि हीच कोंडी संशोधकाला एक दुर्मिळ संधीही देते. वाहत्या नदीतील माशांची मोजणी कठीण, कारण मासे येत-जात असतात. दोन्ही बाजूंनी रेतीने तुटलेला डोह मात्र काही काळापुरता बंदिस्त असतो. डीलरी यांनी १९४७ मध्ये मांडलेली पद्धत अशा स्थितीत उपयोगी पडते. समजा, एका डोहात रोज सारख्याच पन्नास फेकी टाकल्या आणि पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी ८० व तिसऱ्या दिवशी ६४ मासे मिळाले. प्रत्येक दिवसाची पकड आदल्या दिवसाच्या चार-पंचमांश आहे. म्हणजे रोज डोहातील उरलेल्या माशांपैकी एक-पंचमांश उचलले जात आहेत. यावरून आरंभी डोहात सुमारे ५०० मासे होते आणि तीन दिवसांत त्यांपैकी २४४, म्हणजे जवळजवळ निम्मे, संपले, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात जाळ्याच्या आसांतून लहान मासे निसटतात आणि काही मासे जाळे टाळावयास शिकतात. तेव्हा या अंदाजाला दुरुस्ती लागते. परंतु उदाहरणाचे मर्म त्यामुळे बदलत नाही. बंदिस्त डोह किती थोड्या दिवसांत रिता होऊ शकतो, हे मासेमार जे अनुभवाने जाणतो तेच येथे आकड्यांनी सिद्ध होते. यासाठी मासे मारण्याचीही गरज नाही. पकडलेल्या माशांवर खूण करून ते वेगळ्या राखीव पाण्यात सोडले तरी गणित तेच राहते.

जाळ्याने डोह रिता होण्यास दिवस लागतात. विषाने वा स्फोटाने तो तासाभरात होतो. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन हे द्रव्य असते. ते माशांच्या कल्ल्यांवर व रक्तातील तांबड्या पेशींवर घातक परिणाम करते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तलावातील नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी हीच पेंड शास्त्रीय मत्स्यशेतीत वापरली जाते. तलावात हे योग्य ठरते, कारण तेथे पुढे नवे बीज सोडायचे असते. डोहात सोडलेली पेंड अंडी भरलेली मादी, तिच्याजवळचे बोटभर पिलू आणि तळचा किडा असा भेद करीत नाही. विष व स्फोटक यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरविली. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला; त्याचे प्रयोजन वसंतातील डोहांपाशी आजही तेवढेच आहे.

नदीच्या या जुन्या क्रमात गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि खालच्या नदीचा प्रवाह पुढे त्या धरणाच्या विसर्गाशी बांधला गेला. खुद्द चामोर्शी तालुक्यात चिचडोह येथे ३८ दरवाजांचा बंधारा २०१८ मध्ये पूर्ण झाला. ज्या स्थळाच्या नावातच डोह आहे, तेथे आता मैलोगणती पसरलेला संथ जलाशय राहतो. यामुळे वसंतातील कोंडी वरच्या बाजूस सैल झाली, हे खरे. पाणी राहिले, सिंचनाची सोय झाली आणि मोठ्या जलाशयात मासा विखुरला. परंतु संथ पाणी सर्व जातींना मानवत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया अशा पाण्यात पुराची वाट न पाहता वर्षातून अनेकदा वीण घालतो. धारेवर जगणाऱ्या देशी जातींना ती सवलत नसते.

अधिक महत्त्वाचा प्रश्न दरवाजांच्या वेळापत्रकाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडी दरवाजे उघडावेत आणि पाऊस सरल्यावर मिटावेत, ही अशा बंधाऱ्यांची सर्वसाधारण रीत. पुराच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यक आहे. तथापि पाऊस प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वीच जलाशय झपाट्याने उतरला, तर काठच्या उथळ भागातील शिंगाळ्याची घरटी उघडी पडू शकतात आणि विखुरलेला मासा ऐन प्रजननपूर्व अवस्थेत पुन्हा थोड्या पाण्यात कोंडला जातो. पाणी दिवसागणिक थोडे थोडे उतरविणे आणि एका रात्रीत सोडून देणे, यांत अभियंत्याच्या दृष्टीने फरक अल्प असेल. माशाच्या दृष्टीने तो एका वर्षाच्या पिढीचा आहे. किती घरटी कोणत्या खोलीवर असतात आणि पाणी कोणत्या वेगाने उतरले असता ती वाचतात, हा चामोर्शी परिसरात सहज हाती घेता येण्याजोगा संशोधनविषय होय.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की मत्स्यबीज कृत्रिम रीतीने निर्माण करता येत असताना नदीतील मादीची एवढी चिंता कशाला? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यापूर्वी देशातील तलावांना लागणारे कार्पचे बीज नदीच्या पुरातून गोळा करावे लागे. या शोधाने तलावांना नदीपासून मुक्त केले, हे निर्विवाद. परंतु बीजकेंद्रांतून मुख्यतः कटला, रोहू, मृगळ यांसारख्या मोजक्या जाती बाहेर पडतात. शिंगाळा, शिवडा, वाम आणि असंख्य लहान मासे यांची भरपाई त्यातून होत नाही. ढिवराच्या जाळ्यातील विविधता बीजकेंद्र परत देऊ शकत नाही. ती डोहानेच राखावी लागते.

मग उपाय कोणता? समुद्रात महाराष्ट्र शासन १ जून ते ३१ जुलै असा मासेमारीबंदीचा काळ पाळते. नदीसाठी केवळ पावसाळी बंदी पुरेशी ठरत नाही, कारण पुरात मासेमारी आपोआपच कठीण होते आणि खरी हानी त्यापूर्वी होऊन गेलेली असते. दुसऱ्या बाजूने, फाल्गुन ते ज्येष्ठ अशी सरसकट बंदी घातली, तर तिचा सारा भार वर्षातील सर्वांत टंचाईच्या महिन्यांत सर्वांत गरीब घरांवर पडेल. या पेचातून निघण्याचा मार्ग काळापेक्षा स्थळाच्या मर्यादेत आहे. प्रत्येक गावाच्या हद्दीतील सर्वांत खोल असा एक डोह उन्हाळाभर राखीव ठेवावा आणि बाकीच्यांत नेहमीप्रमाणे मासेमारी व्हावी. राखलेल्या डोहातील थोड्या माद्याही पुरात बाहेर पडून दूरवरचे पात्र भरू शकतात, कारण एकेका मादीच्या अंड्यांची संख्या लाखांत असते.

ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठचे तिळसे येथे देवस्थानाच्या श्रद्धेने डोहातील मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. मार्कंड्यासारख्या तीर्थाच्या काठावर अशी मर्यादा समजावून सांगणे अवघड जाऊ नये. कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्कास मान्यता दिली आहे, आणि याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क हाती असलेली ग्रामसभा डोह राखण्याचा ठराव करू शकते. हक्क नसलेल्या मासेमारास संयमाचा उपदेश केल्याने काहीही साधत नाही, कारण त्याने सोडलेला मासा दुसराच कोणी उचलतो. त्याचप्रमाणे काठावरील संयम बंधाऱ्याच्या दरवाजापाशीही पाळला गेला पाहिजे. अन्यथा ग्रामसभेने चार महिने राखलेला डोह एका दिवसाच्या विसर्गाने व्यर्थ ठरेल.

अमेरिकन गळकरी वसंतात तपमापक पाण्यात बुडवून मासा कोठे असेल याचा अंदाज घेतो. चामोर्शीच्या मासेमारास त्याची गरज नाही. मासा कोठे आहे, हे त्याला ठाऊक असते, कारण त्याला जाण्यास दुसरी जागाच उरलेली नसते. त्या डोहातून किती उचलावे आणि किती मागे ठेवावे, हा प्रश्न मात्र त्याच्या एकट्याचा नाही. मत्स्यशास्त्र, जलसिंचन आणि ग्रामसभा या तिघांनी तो एकत्र सोडविला, तरच आषाढातील पहिल्या पुराबरोबर डोहातून बाहेर पडावयास मासा शिल्लक असेल.